वडिलांची बुलेट आणि रंगाचा प्रश्न

वसईच्या किनारपट्टीवर ज्याचे घर आहे त्याला लोखंडाचे आयुष्य किती थोडे असते हे कुणी शिकवावे लागत नाही. खिडकीचे गज, विहिरीवरची कप्पी, अंगणाचे फाटक, छपराचे पत्रे, सायकलीची साखळी, या सर्वांच्या नशिबी गंज ठरलेला. पश्चिमेचा वारा समुद्राच्या पाण्याचे सूक्ष्म तुषार घेऊन येतो. ते वाळले की मिठाचा डोळ्यांना न दिसणारा थर मागे राहतो आणि ते मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्याचे चार महिने तर हवाच ओली. म्हणून आपल्याकडे दर दोनतीन वर्षांनी, बहुधा नाताळाच्या आधी किंवा घरात लग्न निघाले म्हणजे, गजांवर आणि फाटकावर रंगाचा एक हात फिरतो. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी एक. आत लोखंड किती उरले आहे हे फाटक निखळून हातात येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

ही सवय बाजूला ठेवून एका वस्तूच्या रंगाचा नीट विचार करण्याचा प्रसंग अलीकडे आम्हां तिघा भावंडांवर आला. वस्तू म्हणजे आमच्या दिवंगत वडिलांची बुलेट मोटारसायकल. तिचा जीर्णोद्धार करावयाचा यावर आमचे एकमत होते. रंग कोणता द्यावा, यावर मात्र आमचे पाच महिने गेले. एवढ्याशा गोष्टीला पाच महिने का लागावेत, असे शेजाऱ्यांना वाटले. तथापि त्या पाच महिन्यांत आम्ही जे शिकलो ते ज्यांच्या पडवीत किंवा वखारीत अशी एखादी गाडी धूळ खात उभी आहे त्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल, या समजुतीने हा लेख लिहीत आहोत.

गाडी १९६६ सालची. बुलेट हे नाव मूळचे इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीचे. भारतीय लष्कराला या गाड्या हव्या होत्या आणि त्या निमित्ताने १९५५ साली मद्रासच्या एका विक्रेत्या संस्थेशी भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. प्रारंभी इंग्लंडहून सुटे भाग येत व येथे जोडले जात. पुढे सर्व भाग येथेच बनू लागले. १९७० च्या आसपास इंग्लंडमधील मूळ कंपनी बंद पडली, परंतु मद्रासची बुलेट चालू राहिली. मुलाने आईबापांचे घर सांभाळावे तसाच हा प्रकार.

वडिलांनी ती १९७२ साली मुंबईच्या एका गृहस्थाकडून जुनी म्हणून विकत घेतली. तेव्हा ती कारखान्यातून आली तशीच काळी होती, टाकीवर आणि मडगार्डांवर सोनेरी रेघा. वडिलांची बागायत होती. पहाटे मागच्या बैठकीला फुलांचे गाठोडे आणि भाजीची करंडी बांधून ते वसई रोड स्टेशन गाठीत. दादरच्या बाजारात माल वेळेवर पोहोचला तर भाव, नाही तर माती. ती वेळ या गाडीने कितीतरी वर्षे सांभाळली. १९७९ साली टाकीचा काळा रंग फुगून उडू लागला. तेव्हा पाचूबंदरच्या एका होडीवाल्या मित्राने आपल्या होडीसाठी आणलेल्या गर्द हिरव्या रंगाचा उरलेला डबा त्यांना दिला. वडिलांनी तो स्वतःच्या हाताने टाकीला लावला आणि पाट्या रंगविणाऱ्या एका ओळखीच्या रंगाऱ्याकडून त्यावर सोनेरी रेघा ओढून घेतल्या. आम्हां भावंडांना कळू लागले तेव्हापासून आमची बुलेट ही अशी, अंग काळे आणि टाकी हिरवी. २००९ नंतर वडिलांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी पडवीत उभी राहिली. त्यानंतर सात वर्षांनी वडील गेले.

गाडी पडवीतून बाहेर काढली तेव्हा मतभेद उघड झाले. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, गाडी जशी कारखान्यातून आली तशीच करावी. काळा रंग, सोनेरी रेघा, लखलखीत क्रोम. जीर्णोद्धार याचा अर्थच तो. बहिणीला हे मुळीच मान्य नव्हते. ती म्हणाली, "काळी बुलेट कुणाचीही असू शकते. हिरव्या टाकीची बुलेट सगळ्या गावात एकच होती." आमच्यातील तिसऱ्याचे मत असे की, टाकीला हातच लावू नये. त्यामागे कारण होते. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांच्या ठिकाणी जी रबरे असतात ती फार वर्षांपूर्वीच गळून पडली होती. त्यानंतर वीसेक वर्षे वडिलांचे गुडघे थेट टाकीवर घासत राहिले. तेथे हिरवा रंग झिजून त्याखालचा तांबूस अस्तराचा रंग दिसे, त्याच्या आत कारखान्याचा मूळ काळा, आणि अगदी मधोमध गुळगुळीत, तपकिरी झालेले उघडे पोलाद. झाडाच्या खोडातील वलये दिसावीत तसे हे थर दिसत. ही खूण पुसून तिच्यावर चकचकीत रंग चढविणे त्याला सहन होत नव्हते.

वाद आईपर्यंत गेला. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. ती एवढेच म्हणाली, "अरे, गाडी फिरवणार आहात की दिवाणखान्यात उभी करणार? ते आधी ठरवा, मग रंगाचे बोला." या प्रश्नाने आमच्या चर्चेला वळण लागले. कारण रंगाची निवड पुष्कळशी वस्तूच्या उपयोगावर अवलंबून असते, हे पुढे प्रत्येक कारागिराने आम्हांला निरनिराळ्या शब्दांत सांगितले.

उपयोगाच्या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसंबंधी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न करता मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. ज्यांची नोंदणी पूर्वीच झालेली आहे त्यांना आपला जुना क्रमांक ठेवता येतो. परंतु अशी गाडी रोजच्या अथवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर पडू शकते. आम्हांला गाडी फिरवावयाची होती. रविवारी सकाळी, मामांच्या घरी, कधी अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत. तेव्हा दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून साध्या नोंदणीतच गाडी ठेवावयाची, असे ठरले.

याच ओघात रंगासंबंधीचे आणखी दोन नियम समजले. नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, आणि तो बदलला तर परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी. दुसरा नियम लष्करी हिरव्या रंगाचा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. जुन्या बुलेटला हौसेने तो रंग देणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आमच्या टाकीचा हिरवा हा होड्यांचा, किंचित निळसर झाक असलेला. रंगांच्या छटांचा तक्ता टाकीशेजारी धरून आम्ही खात्री करून घेतली, तेव्हा बहिणीच्या जिवात जीव आला.

आता रंगांविषयी. आम्ही वसई पूर्वेला सातिवली, वालीव, गोखिवरे या भागांतील औद्योगिक वसाहतींत हिंडलो. तेथे डेंटिंग-पेंटिंगवाले, पावडर कोटिंगवाले, क्रोमवाले असे सर्व प्रकारचे कारागीर शेजारी शेजारी आहेत. त्यांच्याकडून जे कळले ते थोडक्यात असे.

जुन्या मोटारसायकलींचा काळा रंग भट्टीचा असे. लोखंडावर एनॅमल लावून तो भाग सुमारे सव्वाशे ते दीडशे अंश तापमानात भाजून काढीत. त्यामुळे रंग कठीण होई आणि काचेसारखा दिसे. दुसरा जुना प्रकार नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने १९२३ च्या सुमारास हा 'ड्यूको' नावाने बाजारात आणला आणि आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही रंगाला ड्यूको म्हणण्याची पद्धत तेव्हापासून पडली. थिनर उडून गेले की हा रंग वाळतो, त्यामुळे काम झटपट होते आणि घासून आणलेली त्याची मऊ, खोल चमक जुन्या गाडीला शोभते. मात्र त्यात दोन उणिवा आहेत. दमट हवेत फवारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर दुधाळ पांढरे धुके येते. शिवाय पेट्रोल सांडले की तो मऊ पडतो. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते अशा जुन्या रंगांना अधिकच जाचक ठरते. साध्या सिंथेटिक एनॅमलची, म्हणजे फाटकाला लावतो त्या रंगाची, गतही पेट्रोलापुढे फारशी वेगळी नाही.

सध्या बहुतेक चांगली कामे दोन डब्यांच्या पॉलीयुरेथेन रंगाने होतात. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन रंग आतून पक्का होतो. तो पेट्रोलाला दाद देत नाही, उन्हात लवकर विटत नाही, आणि ओरखडा आला तर तेवढीच जागा घासून पुन्हा रंगविता येते. परंतु त्यातील आयसोसायनेट नावाचे द्रव्य श्वासावाटे गेले तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारी मुले आम्ही पाहिली. रुमालाने हे द्रव्य अडत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. आमची गाडी आम्ही ज्या कारागिराकडे दिली त्याच्याकडे तसा मुखवटा होता. निवड करताना आम्ही हे कारण सर्वांत वरचे मानले. आमच्या हौसेपायी कुणाच्या पोराची छाती भरून यावी हे बरे नव्हे.

पावडर कोटिंग हा तिसरा पर्याय. कोरडी रंगपूड विजेच्या भाराने लोखंडाला चिकटवितात आणि सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवितात. कवच भक्कम आणि दर परवडणारा, म्हणून सांगाड्यासाठी सगळे त्याचीच शिफारस करतात. परंतु आपल्या हवेत त्याचा एक धोका आहे. खडा लागून कवचाला टवका उडाला तर खारा ओलावा तेथून आत शिरतो आणि कवचाखाली गंज सरपटत जातो. वरून सर्व ठाकठीक दिसते आणि एके दिवशी पापुद्रा हातात येतो. तेवढ्याच जागेची दुरुस्तीही नीट होत नाही. दुसरी अडचण सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाची. जाड कवचाने तो बुजला तर फेरनोंदणीच्या वेळी निरीक्षकाला दाखविणार काय? आट्यांच्या आणि बेअरिंगच्या जागाही झाकून घ्याव्या लागतात. शिवाय जेथे पुट्टी भरली आहे असा भाग भट्टीत घालता येत नाही, कारण पुट्टी एवढी उष्णता सोसत नाही.

क्रोमविषयी आमची समजूत अशी होती की, ती चमक म्हणजेच संरक्षण. वस्तुतः वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. गंज रोखण्याचे काम त्याखालचा निकेलचा थर करतो. ज्या दुकानात निकेलवर काटकसर होते तेथील क्रोम पहिल्या दिवशी तितकेच झळाळते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुटते. क्रोमच्या कामातून निघणारे पाणी विषारी असते. आपल्या भागातील विहिरींचे मोल आपण जाणतो. म्हणून सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था दाखविणाऱ्या कारखान्यातच हँडल आणि चाकांच्या रिंगा दिल्या. त्यासाठी थोडे दूर जावे लागले.

या सर्व चौकशीत आम्हांला सर्वाधिक शिकविले ते एका वृद्ध रंगाऱ्याने. त्याने रंगाचा तक्ता उघडलाच नाही. गाडीवर बोट फिरवून ते जिभेला लावले आणि म्हणाला, "आधी हिला आंघोळ घाला." खारट हवेत उभ्या असलेल्या लोखंडावर मीठ बसलेले असते. ते न धुता घासले तर पॉलिश पेपर ते मीठ लोखंडाच्या खाचांत दाबून बसवितो. वरून कितीही किमती रंग दिला तरी रंगाच्या थरातून बाष्प हळूहळू आत झिरपते, मीठ ते ओढून घेते आणि रंगाखाली पाण्याचा फोड येतो. आपल्या फाटकांवरचे फोड यामुळेच येतात, हे आम्हांला तेव्हा उमगले. मग प्रत्येक भाग गोड्या पाण्याने आणि साबणाने तीन वेळा धुतला, वाळविला आणि नंतरच घासला.

घासण्याविषयीही एक सावधगिरी. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांवर आणणारा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीचे रंग कोरडे घासले तर ती धूळ घरातील लेकरांच्या पोटात जाऊ शकते. म्हणून पाण्याचा पेपर वापरला, घासणी अंगणाबाहेर केली आणि निघालेला गाळ गोळा करून वेगळा ठेवला.

सांगाडा सँडब्लास्टिंगला दिला. वाळूच्या माऱ्याने लोखंड चांदीसारखे शुभ्र होते, पण आपल्या हवेत ते काही तासांतच पुन्हा तांबूस पडू लागते. म्हणून जेथे ब्लास्टिंग झाले तेथेच त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात मारून घेतला. पुढचा दिव्याचा साचा ॲल्युमिनियमचा ओतीव आहे, ज्यात दोन बाजूंना ते दोन लहान पायलट दिवे बसतात. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, त्यासाठी धातूला किंचित खाणारा निराळा प्रायमर लागतो. कित्येक बुलेटच्या दिव्यावरचा रंग सालीसारखा निघतो त्याचे कारण हेच. सांगाडा, मडगार्डे आणि दिव्याचा साचा यांना दोन डब्यांचा काळा रंग द्यावा, स्टँड आणि बॅटरीची पेटी यांसारख्या लहान, सहज सुटणाऱ्या भागांना पावडर कोटिंग करावे, येथवर आम्हां तिघांचे एकमत झाले. प्रश्न उरला टाकीचा.

या प्रश्नावर जगभरच्या लोकांनी विचार केलेला आहे, असे आम्हांला आढळले. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. तिच्यातील एक तत्त्व असे की, जेथे नवा भाग घालावा लागतो तेथे तो एकंदर रूपाशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने याच धर्तीवर २०१२ साली ट्यूरिनची सनद संमत केली. तिच्यात जतनाला पहिले स्थान दिले आहे. वाहनाच्या आयुष्यात त्यावर झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग समजावेत, असा तिचा रोख आहे. म्हणजे १९७९ सालचा होडीचा हिरवा रंग कारखान्याचा नसला तरी खोटा ठरत नाही. थोरल्या भावाला हे पटायला वेळ लागला. पण तो स्वतःच एक दाखला घेऊन आला. आपल्या चर्चमधल्या जुन्या लाकडी मूर्ती आपण पाहतो. सण आला की एखादा उत्साही माणूस सोनेरी रंगाचा डबा आणतो आणि जुन्या कारागिराने लावलेल्या सोन्याच्या वर्खावर तो फासतो. डब्यातला सोनेरी रंग बहुधा पितळेच्या पुडीचा. दोनचार वर्षांत तो काळवंडतो आणि खालचा अस्सल वर्ख मात्र कायमचा झाकला जातो. भाऊ म्हणाला, "टाकीचे तसे व्हायला नको."

तरीही टाकी जशीच्या तशी ठेवणे शक्य नव्हते. पंधरा वर्षे पेट्रोलाचा तळ आत राहिल्याने मागच्या बाजूला, जेथे पाणी साचते तेथे, खालच्या पत्र्याला टाचणीएवढी तीन भोके पडली होती. ती बुजविण्यासाठी आग लागणार आणि आगीने रंग करपणार. येथे एका जुन्या टिनकाम करणाऱ्या कारागिराने मार्ग काढला. पेट्रोलाची वाफ राहिलेली टाकी आगीजवळ नेणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. म्हणून त्याने ती प्रथम साबणाच्या गरम पाण्याने वारंवार धुतली आणि डाग देताना भोकांपुरती जागा सोडून बाकीची टाकी पाण्याने भरून ठेवली. पितळी जोड न देता कमी उष्णतेवर वितळणारा कथलाचा डाग दिला. टाकीच्या वरच्या अंगावर ओली फडकी गुंडाळली. त्यामुळे करपला तो केवळ तळाचा रंग. वरचे हिरवे अंग आणि ते झिजलेले थर सुखरूप राहिले.

मग तळाला कोणता रंग द्यावा? वरचा हिरवा मिळविण्याचा आम्ही प्रयत्न केला. रंगांच्या दुकानात आता यंत्रावर छटा जुळवून देतात. परंतु टाकीवरच्या बिल्ल्याखालचा हिरवा गर्द होता आणि उन्हातला फिकट, राखाडी पडलेला. यांतला खरा कोणता? शेवटी बहिणीनेच सांगितले की, तळाला काळा द्यावा. खालून पाहणाऱ्याला नवे काय आणि जुने काय हे कळू द्यावे. पत्रे जोडल्याची जी कड असते तेथे काळा संपतो आणि हिरवा सुरू होतो.

वरच्या अंगावर पारदर्शक रंगाचा थर द्यावा, असा सल्ला काहींनी दिला. आम्ही तो मानला नाही. नव्या रंगातील तीव्र द्रव जुन्या एनॅमलला सुरकुत्या पाडू शकतात आणि एकदा दिलेला थर जुना रंग न उखडता काढता येत नाही. गुडघ्यांच्या ठिकाणच्या उघड्या पोलादावरचा सैल गंज मऊ कापडाने पुसला आणि सगळ्या टाकीला मेणाचे पॉलिश केले. मेण दर दोन महिन्यांनी, पावसाळ्यात दर पंधरवड्याला लावावे लागते. पेट्रोल भरताना झाकणाभोवती फडके धरावे लागते. ही टाकी आता काळजी मागते, पण ज्या काळजीत आठवणही येते ती आम्हांला जड वाटत नाही.

राहिल्या मडगार्डांवरच्या रेघा. मद्रासच्या कारखान्यात टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढण्याची रीत यंत्रे आल्यावरही टिकून राहिली. पट्टी न लावता, लांब केसांच्या कुंचल्याने, एका दमात. आपल्याकडे छापील फलक आल्यापासून पाट्या रंगविणारे जवळजवळ नाहीसे झाले. होड्यांवर नावे लिहिणारा एक रंगारी मात्र सापडला. त्याने एका दुपारी दोन्ही मडगार्डांवर रेघा ओढल्या. नव्या रेघा टाकीवरच्या जुन्या रेघांपेक्षा किंचित बारीक आहेत. त्याने त्या जाड करून देऊ का असे विचारले. आम्ही नको म्हणालो.

हे सर्व काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत केले. रंग देण्याला आपल्याकडे हाच काळ योग्य. लोखंडाचे तापमान हवेतील दव पडण्याच्या तापमानापेक्षा निदान तीन अंशांनी अधिक असावे असा नियम आहे, आणि तो पाळावयाचा तर हिवाळ्यातही भल्या सकाळी फवारा हातात घेऊ नये. ऊन चढले, दव वाळले की दहाच्या पुढे काम सुरू करावे आणि संध्याकाळची ओल उतरण्याआधी थांबावे. रंग पूर्ण पक्का होण्यासाठी आठवडाभर गाडी जोडू नये. ज्यांना घाई आहे त्यांनी फाटक रंगवावे, मोटारसायकल रंगवू नये.

वाचकांपैकी कुणाच्या घरी आजोबांची जावा, वडिलांची राजदूत किंवा काकांची लॅम्ब्रेटा उभी असेल तर आमची एवढीच विनंती. भंगारवाल्याला हाक मारू नका, आणि रंगाऱ्यालाही लगेच बोलावू नका. आधी गाडी गोड्या पाण्याने धुवा. मग सर्व भावंडांनी एकदा तिच्याभोवती बसावे आणि कोणती खूण कशी पडली हे एकमेकांना सांगावे. आमच्या घरी हे बोलणे दोन रात्री चालले. बॅटरीच्या पेटीवरचा पोचा आईने बसल्या जागी सुप फेकून मारल्याचा निघाला, हे आम्हां तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. तो पोचा पुट्टी न भरता तसाच ठेवला आहे. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी ते फार उशिरा आले होते."